मामांचं लवंगतेल

जगातलं कुठलंही दुखणं तेलाच्या थेंबावर आणून ठेवणारा माणूस मी एकच पाहिला, माझ्या बायकोचे मामा. मूळचे तिसगावचे, उभी हयात नागापूरच्या कारखान्यात लेथ मशीनवर गेली. खिशात पेनाच्या जागी लवंगतेलाची बाटली, त्यामुळे मामांच्या आधी त्यांचा वास दारात यायचा. "बेअरिंग वाजलं की आधी तेल, मग मिस्त्री," हा त्यांचा सिद्धांत. कुरकुरणारी बिजागरी आणि ठणकणारी दाढ यांत ते भेदभाव करत नसत.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. दाताची कीड, आतली नस, सगळं फळ्यावर रंगीत खडूनं काढतो. पण स्वतःची दाढ किडली तेव्हा दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीच्या धास्तीनं मामांना शरण गेलो. तेलाचा बोळा ठेवला की तासभर ठणका थांबायचा आणि तेवढा वेळ माझं विज्ञानही गप्प बसायचं. एकदा ठणका सोसेना म्हणून बोळा निथळेपर्यंत भिजवून कोंबला. जीभ पोळली, हिरडी पोळली, आणि दुसऱ्या दिवशी दातांचाच धडा मी बोबडा शिकवला. मुलांनी तो अजून लक्षात ठेवलाय.

माझा गाल सुजल्याचं कळताच मामा तडक घरी आले. "जावईबापू, तेल बास. आता मिस्त्री."

"मामा, मला भीती वाटते."

"मला तर तुमच्यापेक्षा लई वाटती. चला."

दवाखान्यात माझं नाव पुकारलं आणि मी जागचा हलेना. तेव्हा मामाच जाऊन खुर्चीत बसले. "डॉक्टर, आधी माझं बघा. मानूस हितनं जित्ता उठतो, हे ह्यान्ला दिसू द्या." डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मामांच्या उरलेल्या चारही दाढा किडलेल्या होत्या, वाचण्यासारखी एकही नव्हती. ती बाटली इतकी वर्षं कुणासाठी खिशात होती, ते मला तेव्हा कळलं. त्यांच्या दाढा टप्प्याटप्प्यानं काढाव्या लागल्या. माझी वाचली, नस साफ करून वर टोपी बसली.

यंदा मामा तिसगावहून हुरडा घेऊन आले. मी खात होतो, ते समोर बसून बघत होते. मला लाज वाटली, हात थांबला.

"थांबू नका," ते म्हणाले, "त्याच दाढंनं चावा. माझ्या वाटचा बी."

मी चावला. हुरडा गोड होता; दुसरी मूठ मी मामांच्या वाटची घेतली.