रतनच्या दंडावरचा डाग

मालवणला जायचं ठरवणारे वाचक मला हटकून दोन गोष्टी विचारतात, किल्ला आणि मासे. दोन्हींवर मी इथे भरपूर लिहिलं आहे. आज ज्या प्रवासाबद्दल लिहिते आहे, त्यात किल्ला मी फक्त बोटीतून पाहिला आणि जेवणात काय होतं ते फारसं आठवतही नाही. तरी इतक्या वर्षांत केलेल्या सगळ्या प्रवासांत तोच जास्त लख्ख आठवतो.

साठचं दशक नुकतं सुरू झालं होतं. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळी रत्नागिरीच. मी मुंबईत एका शाळेत शिकवत होते. नाताळची सुट्टी लागली, यजमानांना रजा मिळेना, तेव्हा सहा वर्षांच्या मीनाला घेऊन मी एकटीच माहेरी निघाले.

आता कसालला हायवे सोडून वळलात की तासाभरात मालवण येतं. तेव्हा आमचा भरवसा बोटीवर. भाऊच्या धक्क्यावर वेळेच्या खूप आधी जायचं, डेकवर सतरंजी पसरायची, ती आपली जागा. तिकीट मोटारीपेक्षा स्वस्त, पण वाऱ्याने अंग आंबून जायचं. मालवणला बोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात थांबायची आणि आम्हाला पडावात उतरवायचे. पडाव आणि बोट एकाच वेळी वरखाली होत असताना मूल दुसऱ्याच्या हातात द्यायचं, हा त्या प्रवासातला सगळ्यात वाईट क्षण. मीना रात्रभर ओकून अर्धमेली झाली होती. दादा, माझा थोरला भाऊ, बैलगाडी घेऊन आला होता. धामापूरच्या अलीकडे आमचं गाव. तळ्यावरचा गार वारा लागला तेव्हा कुठे तिने डोळे उघडले.

शेजारच्या घरातली रतन आधीच्या सुट्टीत मी पाय ठेवल्या ठेवल्या धावत आली होती. गावाच्या नात्याने मी तिची आते. घरात सगळ्यांशी मालवणीत बोलणारी ही पोर माझ्याशी मात्र पुस्तकातलं बोलायची. ‘आते, मी आता तिसरीत आहे. तुमचा प्रवास सुखाचा झाला का?’ ऐकणारे हसत, पण तिला त्याचं काही नसे. या खेपेला ती आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेला मी तिला मांगराच्या म्हणजे परसातल्या खोपटाच्या मागे शेणी थापताना पाहिलं. वहिनीला विचारलं तर तिने आधी दार लोटून घेतलं.

“शाळेत आरोग्याचो सायब इल्लो,” ती म्हणाली. “रतनच्या दंडार डाग दिसलो. तेना काय काय इचारल्यान, ह्या मुक्या रवला. तपासणी होयसर हिका घरी ठेवा, म्हणान मास्तरांक सांगून गेलो. गावान एकच शब्द ऐकलो. महारोग.”

त्या दिवसापासून त्यांच्या विहिरीवर कोणी जात नव्हतं. बाप गलबतावर खलाशी, तो महिना दोन महिने यायचा नव्हता. मी मीनाला वहिनीजवळ ठेवून मागच्या दाराने त्यांच्याकडे गेले. जाताना पदर आवरून घेतला, हेही सांगते, कारण आईच्या काळजाला शिक्षणाने फार फरक पडत नाही.

रतन माझ्यापासून लांबच उभी राहिली.

“सायबान काय इचारल्यान गो तुका?”

“संवेदना आहे का, म्हणून.”

“मगे तू काय सांगलंस?”

“संवेदना म्हणजे काय ता माका काय म्हायत? आमच्या बुकात नाय तो शब्द.” पुस्तकातलं बोलणं तिने माझ्याशीही सोडलं होतं. मग ती म्हणाली, “आता म्हायत झाला. मास्तरांक इचारलंय. संवेदना म्हणजे जाणवणे.”

साहेब मोठमोठे शब्द बोलले, पोर घाबरून गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्यालाच उत्तर धरलं गेलं. मला वाटलं, एवढंच असणार. दंडाला काही झालेलंच नाही. वर्गात मी रोज असली मुलं पाहत होते, घरची भाषा एक आणि फळ्यावरची दुसरी, मध्येच अडकून मुकी होणारी. सावंतवाडीला तेव्हा एक सरकारी डॉक्टर ठरलेल्या वारी अशा रोग्यांना तपासत. मी रतनच्या आईला म्हटलं, उद्याच जाऊ.

ती काही ऐकेना, पोरीच्या लग्नाची तिला धास्ती. “डाक्टराकडे गेला काय गावात बोंब जातली. पुढे चेडवाक कोण करून घेतलो? मी भगवतीक गाऱ्हाणा घातलंय. तिका काळजी आसा.”

“भगवती आसाच गो,” मी म्हटलं. “तिका सांगून जाऊया.”

पहाटे धामापूरला देवीच्या पायऱ्यांवर ती बराच वेळ पुटपुटत उभी राहिली. शेवटी लेकीच्या कपाळाला अंगारा लावून म्हणाली, “हिका तुमीच न्हेवा. माका थंय उभा रवाक जमाचा नाय.” म्हणून आम्ही दोघीच निघालो.

कट्टा या गावापर्यंत चालत, तिथून कसालची एस.टी. कसालला बाजार भरला होता, गाडी बदलायला बराच वेळ लागायचा. हॉटेलात चहा-भजी घेऊ म्हटलं तर रतन बाहेरच थांबली. तिने फुलांच्या झग्यावर थोरल्या भावाचा लांब बाह्यांचा सदरा घातला होता, ऊन तापलं तरी बाही वर करत नव्हती. मी बशी बाहेर आणली. ती खाता खाता हळूच काहीतरी घोकत होती. कान दिला तर ऐकू आलं, ‘जाणवतं. हो, जाणवतं.’

सावंतवाडीला तळ्याकाठून चालताना लाकडी खेळण्यांची दुकानं लागली. तुम्ही गेलात तर जरूर थांबा, तिथली लाखेच्या रंगाची फळं हातात घ्यावीशी वाटतात. रतनने एकदाही मान वळवली नाही.

दवाखाना म्हणजे एका लांब इमारतीतल्या शेवटच्या दोन खोल्या. बाहेर बसलेल्यांपैकी काहींची बोटं झडलेली होती. रतनने माझं लुगडं घट्ट धरलं. डॉक्टर घाटावरचे, तरुण, थकलेले. त्यांची भाषा पुस्तकातली. “तुम्ही दुभाष्याचं काम करा,” ते मला म्हणाले. “तिने डोळे मिटायचे. मी कापसाने स्पर्श करीन, तिने तिथे बोट ठेवायचं.”

मी रतनला मालवणीत समजावलं. तिने डोळे मिटले. डॉक्टर तिच्या बाजूला, मी समोर. त्यांनी कापूस मनगटाला लावला, रतनने बोट ठेवलं. कोपराला लावला, तिथे ठेवलं. मग त्या फिकट डागावर. बोट बरोबर डागावर.

“जाणवतं,” ती म्हणाली.

मला हायसं वाटलं. डॉक्टरांनी पुन्हा डागावर कापूस टेकवला, पुन्हा बोट बरोबर पडलं, आणि तेवढ्यात मला तिच्या पापण्यांची थरथर दिसली. डाव्या डोळ्याची बारीक फट. ती बघत होती.

डॉक्टरांना ते दिसत नव्हतं. ते लिहायला वळले. “ठीक वाटतंय,” ते म्हणाले. “साधा डाग असावा.”

एवढं ऐकायला तर मी आले होते. गप्प बसले असते तर ती सोमवारी वर्गात असती. तिचा चेहरा माझ्याकडे वळला होता आणि तिला कळलं होतं की मला कळलंय. ती मान हलवून मला नाही म्हणत होती, अगदी बारीक.  मी इतकंच म्हटलं, “डॉक्टर, एकदा डोळे बांधून बघा.”

माझ्याच रुमालाने मी तिचे डोळे बांधले. मनगट, बोट बरोबर. कोपर, बरोबर. मग डॉक्टरांनी डागावर कापूस फिरवला. रतन वाट बघत बसली होती. त्यांनी पुन्हा फिरवला. मग टाचणीचं टोक टेकवलं. ती तशीच, मान किंचित पुढे करून, कान देऊन.

“आते,” ती म्हणाली, “लावत कित्याक नाय?”

डॉक्टरांनी टाचणी खाली ठेवली.

नंतर त्यांनी सगळं नीट सांगितलं. रोग तोच आहे, पण सुरुवातीचा. हा प्रकार दुसऱ्याला लागत नाही. गोळ्या काही वर्षं रोज घ्यायच्या, महिन्याच्या महिन्याला दाखवायला यायचं, चुलीपाशी हात जपायचा. बोटं शाबूत राहतील. “आणि शाळा?” मी विचारलं. “शाळेत जाऊ दे की,” ते म्हणाले आणि तशी चिठ्ठी लिहून दिली.

परतीच्या गाडीत रतन खिडकीकडे तोंड करून बसली. कुडाळ मागे पडल्यावर बोलली. “तुमी कित्याक सांगलात?”

“तुका चटको बसलो तरी कळाचो नाय, म्हणान. हात जायत बाय.”

“माका शाळेत जावचा होता.” 

सोमवारी मी तिला घेऊन शाळेत गेले. मीनाही पाठोपाठ आली, तिला घरात करमत नव्हतं. आमच्याआधीच बातमी पोचली होती, पडवीत दहाबारा पालक उभे होते. गुरुजींनी चिठ्ठी मोठ्याने वाचली. चिठ्ठीतले शब्द त्या साहेबांच्या शब्दांसारखेच होते, कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग मी डॉक्टरांचं सगळं म्हणणं मालवणीत सांगितलं, गोळ्या, डाग, न लागणारा प्रकार.

दुकानदार बाबल पुढे आला. माणूस वाईट नव्हता, त्याची मुलगी रतनच्याच वर्गात होती. “तुमी चार दिसानी बोटीत बसतलास,” तो म्हणाला. “आमची चेडवां हयच रवतली. एक सांगा. तुमच्या चेडवाक बसयशात तिच्या बाजूक?”

 डॉक्टर म्हणाले होते ते मला अक्षर न अक्षर आठवत होतं, आणि बाहेर बाकावर बसलेली ती झडलेल्या बोटांची माणसंही आठवत होती. मीना माझ्या मुंबईच्या घरातलं एकुलतं एक मूल. गुरुजी खाली बघत होते. रतन दारातच होती, आत नाही, बाहेर नाही.

मी मीनाला हात धरून आत नेलं आणि चौथीच्या बसकरपट्टीवर भिंतीकडे बसवलं. मग रतनला हाक मारली. ती आली आणि मीनापासून हातभर अंतर सोडून बसली. मीनाला यातलं काय माहीत. ती सरकून तिला चिकटली आणि तिच्या पाटीवर वाकून विचारू लागली, “तुला मोर काढता येतो?”

बाबलने मुलीला घरी नेलं. आणखी काहींनी नेलं. आम्ही निघेपर्यंत मीना रोज तिथे बसली. शेवटच्या दिवशी वर्गात निम्मी मुलं परत दिसली, रतनच्या आजूबाजूची जागा मात्र मोकळीच होती. बोटीवर पोचवायला रतन आली नाही.

मुंबईला आल्यावर मी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “डॉक्टरांना नक्की विचारलं होतंस ना?” विचारलं होतं. तरीही दर रविवारी मीनाला न्हाऊ घालताना मी दार लावून घ्यायची, तिचे दंड, पाठ, पोटऱ्या उजेडात बघायची, डोळे मिटायला लावून कापूस फिरवायची. पडवीत सगळ्यांना जे छातीठोकपणे सांगितलं, ते स्वतःला पटवायला मला महिने लागले. मीनाला तो खेळ वाटायचा.

मे महिन्यात दादा कामासाठी मुंबईत आला. रतन गोळ्या घेते, तिची आई आता स्वतः तिला सावंतवाडीला नेते, ती चौथी पास झाली, असं त्याने सांगितलं. मी विचारलं, “वर्गात तिच्या बाजूक कोण बसता?”

दादाला प्रश्नच कळला नाही. “कोण म्हणजे? चार पोरी बसतत,” तो म्हणाला. “बाबलाचा चेडूय आसा त्यात.”

त्या रविवारी मी मीनाला नुसतं न्हाऊ घातलं.