पुंगोलची फरशी
ओल्या सिमेंटचा वास आला की परदेशातल्या आमच्या पुंगोल वस्तीतली ती फरशी आठवते. आमच्या इमारतीखाली उखडलेल्या त्या फरशीला पुण्याहून आलेले बाबा अडखळले, म्हणून मी सकाळी तक्रारीच्या हॉटलाइनला फोन केला. बाबांनी मात्र सवयीने दोन प्रतींत अर्ज लिहिला. संध्याकाळी पाहतो तर फरशी बसलेली आणि बाबा अर्ज घेऊन तिच्यापाशी उभे. "वशिला कोणाचा लावलास?" त्यांनी विचारलं. तेवढ्यात, काम नीट झालं का, हे विचारायला हॉटलाइनवरच्या बाईचाच फोन आला. पुण्यात दारासमोरच्या उघड्या गटारात आई पडली, तेव्हापासून बाबा अर्ज करत होते. असा फोन कधी आला नव्हता. त्यांनी अर्जाची घडी घातली. "फरशीच्या जागी गटार लिहिलं की तिकडे चालेल," म्हणाले. त्या अर्जाची, पुण्याच्या कचेरीचा शिक्का मारलेली पोच आज माझ्याकडे आहे. गटाराला झाकण अजून नाही.