माहेरवाशिणीची मोजदाद

वडील देवास संस्थानात अंमलदार होते आणि त्या साली खानेसुमारीचं काम त्यांच्याकडे होतं. मी धारहून माहेरपणाला आले होते. आसपासच्या गावांचे पटेल आमच्या ओसरीवर यायचे आणि वडील एकेकावर चिडायचे, कारण माहेरी आलेल्या मुली ते मोजतच नसत.

"पटेल, ती परक्या घरची झाली असेल, पण आज तुमच्या छपराखाली आहे ना? मग सांगायची."

मग आमच्या घराची पाळी आली. कारकुनाला वडिलांनी आई, काका, भाऊ, वहिनी, अगदी घरात राहणारा पाणक्यासुद्धा सांगितला. मी दारातच उभी होते.

"आणि मी?"

"तुला धारला मोजतील की," म्हणाले आणि कारकुनाला पुढच्या घरी धाडलं.

मला बसवेना. परसात गेले, ओसरीवर आले, पुन्हा परसात गेले. आईनं हाक मारली तरी पाय थांबेनात. पुढचे सगळे दिवस माहेरी असेच गेले.

धारला परतल्यावर आधी सासूबाईंना विचारलं, इथल्या मोजदादीत मला सांगितलं का.

"तू कुठं होतीस इथं?" त्या निवांतपणे म्हणाल्या. "आणि तुझे वडील तर त्याच कामावर. ते कसे विसरतील?"