विस्तवाशिवायचं जेवण

आज मार्गशीर्षातला गुरुवार. महालक्ष्मीची पोथी वाचताना दोनदा ओळ चुकली. कालचा दिवस डोक्यातून जात नाही. म्हणून आत्याबाईंचं सगळं एकदा लिहूनच काढते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, वच्छलाबाई. मोताळ्याजवळच्या आमच्या गावात त्यांना आता सगळे 'कच्चं खाणाऱ्या बाई' म्हणूनच ओळखतात. दोन वर्षांमागे तालुक्याला मंगल कार्यालयात निसर्गाहाराचं शिबिर झालं. शेजारणीला सोबत म्हणून त्या गेल्या. शेजारीण दुपारीच घरी परतली, या मात्र शेवटपर्यंत बसल्या. घरी येऊन त्यांनी दोन कुंड्या मागितल्या. एकीत भिजवलेले हरभरे टोचले, दुसरीत माझ्याच पातेल्यातले शिजवलेले. आठवड्याभरात एकीत हिरवे कोंब आले आणि दुसरीचा वास सुटला. दोन्ही कुंड्या त्यांनी माझ्या ओट्यावर आणून ठेवल्या.

"पाह्य. हे जित्तं, हे मेलं. आता तूच सांग, मी पोटात काय टाकू?"

"आत्याबाई, पोटात काही हरभऱ्याचं झाड उगवायचं नाही."

"नको उगवू. पण मढं तं नको जायले."

त्या दिवसापासून चुलीवर चढलेलं त्यांना वर्ज्य. भिजवलेले शेंगदाणे, मोड आलेले मूग, गाजर, पेरू, मुळा तर पानासकट. हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांचा घोळाणा आपण सगळेच खातो, कांदा-मिरची-तेल कालवून, पण भाकरीसोबत. त्या नुसता वाटीभर खातात. चहासुद्धा सुटला. पोटातली आग कमी झाली हे खरं, गुडघे मात्र आहेत तसेच दुखतात. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून एक गोळी लिहून दिली. मला वाटलं, आता तरी वरणभातावर येतील. तर म्हणतात, "गोळी काही विस्तवावर नाई शिजली." ती रोज घेतात.

मला सगळ्यात लागायचं ते नैवेद्याचं. पुरणाचं ताट देवापुढून उचललं की त्या वरचं तुळशीचं पान तेवढं तोंडात टाकायच्या.

"प्रसादाला नाही म्हणू नये आत्याबाई."

"घेतला ना वं प्रसाद. एवढं सगळं तू रांधते, पण हे कच्चं पान ठेवल्याशिवाय तुह्या देवाले चालते का?"

मी ताट स्वयंपाकघरात न्यायचे. पण आतून जीव तुटायचा. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात रांधते आहे. त्या माझ्या हातचं खात नाहीत, म्हणजे माझंच काही चुकलं असेल, असं मनात येत राहायचं. पोळी लाटता लाटता मध्येच थांबून मी त्यांच्या वाटीकडे बघत बसायचे.

एवढं असूनही घरातलं घरात होतं, चाललं. पण सुचिताची, माझ्या मुलीची, सोयरीक निघाली आणि माझी झोप गेली. याआधी दोन ठिकाणं बोलणीपर्यंत येऊन मोडली होती. हे तिसरं देऊळगाव राजाच्या बाजूचं. मुलगा सागर जालन्याला बियाण्याच्या कंपनीत आहे. मुलगी त्याला पसंत पडली, आणि सुचिता तर फोन हातात घेऊन एकटीच हसायला लागली. आता आम्ही घर पाहायला जायचं एवढंच राहिलं होतं. आमच्याकडे रीत अशी, की घर पाहायला गेलेल्यांनी तिथे जेवण केलं म्हणजे स्थळ पसंत. ताटावर न बसता निघाले तर नकार. तोंडाने कोणी काही बोलत नाही.

परवा संध्याकाळी मी त्यांच्यापुढे अक्षरशः पदर पसरला. "एक घास, आत्याबाई. फक्त एक घास भाताचा. सुचितासाठी."

"मी खोटं जेवू? सोयरीक जोडायले जाऊन खोटं?"

"मग घरीच राहा."

"नातीचं घर पाह्यले मी येणार नाही तं कोण येणार?" त्या उठून मूग उपसायला गेल्या.

काल सकाळी सुचिताचे बाबा, मी आणि आत्याबाई गाडी करून निघालो. घाट चढेपर्यंत मी नामस्मरण करत होते, पण जपाची माळ कुठल्या मण्यावर आहे ते कळत नव्हतं. चिखलीला चहाला थांबलो तेव्हा त्यांच्या पिशवीत स्टीलचा डबा दिसला. मोड आलेल्या मुगाचा.

"हा गाडीतच ठेवा," मी म्हटलं.

"ठेवीन."

त्यांनी ठेवला नाही.

सागरचं घर बघून मन भरलं. अंगण सारवलेलं, मागे विहीर, विहिरीच्या पाण्यावर भाजीचे वाफे. सागरचे वडील उकंडराव पुढच्या खोलीत यांच्याशी बोलत होते. सागरची आजी, भिमाबाई, आत-बाहेर करत होत्या. पाठीत वाकलेल्या, पण पाय एका जागी ठरत नाही असा स्वभाव. पानं मांडली. आमटी, वांग्याची भाजी, भात, वर तुपाची धार. आत्याबाई पानावर बसल्या आणि पिशवीतून डबा काढला.

"मले काही वाढू नका. माह्यं मी आणलं."

वाढणाऱ्या बाईचा हात तसाच राहिला. उकंडरावांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे.

"म्हणजे काय म्हणायचं?"

हे घाईघाईने म्हणाले, "आईचं तसं नाही, ती घरीही शिजवलेलं खात नाही. कच्चंच खाते. नियम आहे तिचा."

"नियम," उकंडराव म्हणाले. "असला नियम आमच्या बापानं बघितलाय. माझ्या आत्याच्या लग्नात तुमच्यासारखेच घाटाखालचे पाहुणे आले होते. आमचं कूळ उणं, म्हणून शिजलेलं घेतलं नाही. पीठ-मीठ मागून घेतलं अन् शेतात वेगळी चूल मांडली. तेव्हाबी म्हणाले, आमचा नियम हाये."

"तसं नाही हो उकंडराव..."

"मग कसं? आमच्या घरी पोरगी द्यायची, अन् आमच्या घरचं अन्न नाही चालायचं? हे कसं, ते मला समजावून सांगा."

माझ्या कानांत गरम वाफ गेल्यासारखं झालं. दोन वर्षं जे मला स्वतःला वाटत होतं, तेच तो माणूस भर पंगतीत बोलत होता. सागर दारात उभा होता. तो म्हणाला, "बाबा, आमच्या कंपनीतबी मोड आलेलं बी मोजतात, खाणारीबी माणसं हायेत—" तर उकंडराव म्हणाले, "तू गप. तुझी कंपनी जालन्याला."

मी खालच्या आवाजात म्हटलं, "आत्याबाई, पाया पडते. एक घास."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं, आता उठणार. त्या उठल्या की संपलं. घरी सुचिता दारातच उभी असेल, तिला काय सांगू?

तेवढ्यात मागच्या दाराने भिमाबाई आल्या. वाफ्यातून तोडलेली काकडी त्यांच्या ओच्यात होती. आतलं बोलणं त्यांनी किती ऐकलं होतं, मला अजून ठाऊक नाही.

"कच्चं खातात व्हय? मग सांगायचं की आधी. थांबा, आमच्या वेलाची एखादी कडू निघती." असं म्हणून त्यांनी देठाकडचा तुकडा मोडून टाकला, उरलेल्या काकडीला कचकन दात लावला, चावून पाहिलं. लेकरांना देताना करतात तसंच. "नाही कडू. घ्या बाई."

हात पुढे केला आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. "अगं माय, उष्टी झाली! द्या, द्या, दुसरी आणते."

आत्याबाईंनी तोवर काकडी घेतली होती. भिमाबाईंच्या दातांच्या खुणा होत्या नेमकी तिथेच त्यांनी चावा घेतला.

"राहू द्या बाई. आता माही झाली ते."

आत्याबाई सावकाश चावत होत्या. एक चावा, दुसरा. शेवटपर्यंत त्यांनी ती संपवली, पाणी न पिता. उकंडराव बघत होते. ज्यांना कूळ उणं मानायचं असतं ते त्या घरच्या म्हातारीचं उष्टं खात नाहीत, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

शेवटी ते वाढणाऱ्या बाईला म्हणाले, "वाढा बरं. भात निवला." मग माझ्याकडे वळून, "विहीणबाई, लग्नाच्या पंगतीत यांच्यासाठी काय वाढायचं ते तुम्हीच सांगा. आमच्या आचाऱ्याला काकडी शिजवायची अक्कल आहे, न शिजवायची नाही."

सगळे हसले. हे भातावर भात घेत राहिले. पुढच्या सोमवारी सुपारी फोडायची असं ठरलं.

परत येताना चिखली गेली, बुलढाणा गेलं. राजूर घाटात आत्याबाईंनी ड्रायव्हरच्या सीटवर थाप मारली. "थांबव बे." उतरून रस्त्याच्या कडेला बसल्या आणि भडाभडा उलटी झाली. मी पाठ चोळत होते.

"काय झालं आत्याबाई? गाडी लागली का?"

त्यांनी चूळ भरली. "जहर होती वं काकडी. कडू जहर. पयल्या चाव्यातच समजलं."

"अहो, मग टाकून द्यायची!"

"टाकून देऊ? त्या उकंडरावापुढं?" त्या माझा हात धरून उठल्या. "बुढीच्या जिभेले चव नाई राह्यली. कोणाले सांगजो नको. सुचितालेबी नको."

रात्रभर मी त्यांच्या उशाशी बसले. नुसतं पाणी घेत होत्या. मीठ-साखर उकळून गार करून देते म्हटलं, तर म्हणाल्या, "उकळू नको, तशीच घोळ." पहाटे डोळा लागला त्यांचा.

आज पोथी अर्धी झाली असेल, तर सुचिता फोन घेऊन आली. "आजी, सागरच्या आजीला तुझ्याशीच बोलायचं आहे."

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा पिवळा. फोनमधला आवाज मला इथपर्यंत येत होता. भिमाबाई म्हणत होत्या, त्या वेलाच्या काकड्या आता घरात कुणाला तोडू देणार नाही, सगळ्या तुमच्यासाठी राखून ठेवल्यात, सोमवारी सुपारीला याल तेव्हा समोर बसवून खाऊ घालते.

मी पोथी मिटली. आत्याबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सुचिताकडे.

"हाव बाई," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "ठेवा. येतो मी."