चार विजय आणि किसनअण्णा

रबाळ्याच्या कारखान्यात माझी पहिली पाळी संपत आली होती. गेटवरचा वॉचमन मशीनपाशी येऊन म्हणाला, "विलास, घरून फोन होता. तुमचे ते बास्केटबॉलवाले अण्णा गेले." मी मशीन थांबवलं नाही. हातातला जॉब पुरा केला, मोजून पाहिला, मग हात धुतले... त्याला आता पाच आठवडे झाले.

गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत आहे. पण किसनअण्णा गोड नव्हते. मूळचे साताऱ्याकडचे, तुर्भ्याला प्रेस मशीन चालवायचे. तरुणपणी कंपनीच्या संघातून खेळायचे. पुढे त्याच प्रेसखाली उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि खेळ संपला. मग ते आमच्या सानपाड्याच्या संघाचे प्रेक्षक झाले. बऱ्याचदा एकुलते एक. सामना चालू असताना आमच्यासाठी घसा फोडायचे आणि संपला की आमची सालटी काढायचे.

गेल्या हंगामात पहिले चार सामने आम्ही ओळीनं जिंकलो. कप्तान मी. चौथ्या सामन्यानंतर कोर्टाशेजारच्या टपरीवर चहा घेताना पोरं हवेतच होती. मी हसत विचारलं, "काय अण्णा, यंदा कप आपलाच ना?"

"कसला कप?" अण्णा म्हणाले. "चारी संघ लिंबूटिंबू व्हते. सुऱ्या दुसऱ्या हाफात धापा टाकतोय, रिबाउंडला कोण उडी मारत न्हाय. आन् तू... तुला डावीकडनं जाताच येत न्हाय. तगडा संघ आला की तुला उजवीकडं कोंडणार. तुझ्यापायी हरणार हाय ही टीम."

माझे कान तापले. "अण्णा, बोटं तुटलेल्या माणसानं आमाला बॉल टाकायला शिकवू नये," मी म्हणालो. "उद्यापासून येऊ नका."

कुणीतरी फिसकन हसलं. मग मीही हसलो. अण्णांनी तो हात खिशात घातला, अर्धा चहा तसाच ठेवला आणि निघाले. त्यांच्या मागे कुणी गेलं नाही.

पुढचे सहाच्या सहा सामने आम्ही हरलो. प्रत्येक संघानं मला उजवीकडेच कोंडलं.

अण्णांची फुप्फुसं गेली आहेत, ते रुग्णालयात आहेत, असं कळलं तेव्हा केळी घेऊन भेटायला गेलो. कॉटपाशी उभा राहिलो. म्हणालो, "अण्णा, तुमी बरोबर होता. मी नको ते बोललो..."

त्यांनी डोळे उघडले. "जिकला असतास, तर आला असतास का रं?"

मी केळी कॉटशेजारी ठेवू लागलो. ते म्हणाले, "मग जा." आणि भिंतीकडे तोंड केलं. मी गेलो. आमची तीच शेवटची भेट.

तेराव्याला त्यांच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावरची खोली. खिडकीतून खाली आमचं अख्खं कोर्ट दिसत होतं. खिडकीला लागून एक लोखंडी खुर्ची.

"मॅच हितनंच बघायचे," काकू म्हणाल्या.

मला एकदम हलकं वाटलं. "म्हणजे बघणं सोडलं नव्हतं?"

"छ्या! पोरं चुकली की हितनं शिव्या घालायचे." काकूंनी पदरानं खुर्ची पुसली. "फकस्त तुझ्याकडं बॉल आला की उठून आत जायचे... बस की."

मी उभाच राहिलो.