माहेरी निघालेली पिवळी बस

‘आपल्यात असं करत नाहीत’ हे वाक्य मराठी माणसाने शोधून काढलं नसतं, तर आमच्या मावससासऱ्यांनी आयुष्यात काहीही केलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. माझ्या बायकोच्या मावशीचे हे यजमान. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढता काढता त्यांची नोकरी संपली, आणि निवृत्त झाल्यावर ठाण्याच्या फ्लॅटमध्ये पेपर वाचत बसणारा हा माणूस वरवर गरीब दिसतो. पण कुणी हे वाक्य उच्चारायचा अवकाश, काका चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायला घेतात. काकांनी चष्मा पुसायला घेतला की समजावं, आता हे होणार. स्वतःच्या मुलीच्या लग्नात ते पहिल्या पंगतीला, व्याह्यांच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसले. मुलीच्या बापाने आग्रह करत फिरायचं असतं, असं भटजींनी हळूच सुचवून पाहिलं. ‘मुलगी दिली आहे, भूक दिलेली नाही,’ एवढं बोलून काकांनी जिलबी मागवली, आणि तीही वरणभाताच्या आधी. सोसायटीने गच्चीवर वाळवणं घालायला बंदी केली तेव्हा ज्या माणसाच्या घरात कधी विकतची कुरडईसुद्धा आली नव्हती, त्याने मोठं पातेलंभर चीक शिजवून घेतला आणि तो गच्चीवर छत्री उघडून कावळे हाकत बसून राहिला. पुढच्या महिन्यात बंदी उठली. काकांनी कुरड्या वाटून टाकल्या, कारण त्यांना त्या आवडत नाहीत.

हे सगळं आम्ही कौतुकाने सांगत आणि हसत आलो. पण काकांनी बस घेतली तेव्हा मात्र कुणाला हसू येईना. त्याआधी मावशीचं सांगायला हवं. मावशीचं माहेर जव्हारचं. बाजारपेठेत तिच्या धाकट्या भावाचं, म्हणजे आमच्या मामांचं किराणा दुकान, आणि दुकानाच्या डोक्यावर घर. त्या घरात जायला एक लाकडी जिना आहे. तो चढायचा म्हणजे धडधाकट माणसालाही दोर धरावा लागतो. संडास मागच्या अंगणात, तोही जुन्या पद्धतीचा. मावशीचे गुडघे गेले आणि त्या जिन्याशी तिचा संबंध संपला. शेवटची ती गेली मामांच्या मुलाच्या लग्नाला. भाच्यांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, ‘आत्या, घट्ट धर गं’ करत, थट्टामस्करी करत वर नेलं. त्यांचं प्रेमच होतं त्यात. पण दर वेळी अंगणात जायचं म्हणजे पुन्हा खुर्ची, पुन्हा चार माणसं. मावशीने दोन दिवस पाणी प्यायचंच सोडलं. परत आल्यावर ती माझ्या बायकोला म्हणाली, ‘जिवंतपणी माणसाला चौघांनी उचलू नये. आता मी नाही जायची जव्हारला.’ आणि खरंच गेली नाही. विचारलं की म्हणायची, ‘मला कुठे जायचंय? फोन आहे की.’ सगळ्यांनी ते मान्य केलं. वय झालं, गुडघे गेले, माणसाने समजून घ्यावं. आपल्याकडे बायकांनी समजून घेतलं की बाकीच्यांना फार बरं वाटतं. मान्य केलं नाही ते फक्त काकांनी.

डोंगरावरच्या एखाद्या गावी घरासकट सहलीला जायचं, रस्त्याकडेला उतरायचं, आपल्या चुलीवर चहा करायचा, आपल्या गादीवर झोपायचं, असं परदेशातले म्हातारे करतात हे काकांनी मोबाइलवर पाहिलं. बरोबर पंधरवड्यानंतर काकांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शाळेची एक निवृत्त पिवळी मिनीबस येऊन उभी राहिली. तिच्या पाठीवर ‘सावकाश, आत मुलं आहेत’ असं लिहिलं होतं, ते काकांनी पुसू दिलं नाही. सरकारी सोपस्कार त्यांनी निमूटपणे, रीतसर पार पाडले. सरकारशी भांडण्यात ताकद घालवायची नव्हती, ती नातेवाइकांसाठी राखून ठेवली होती. मग दिवाळीपर्यंत सुतार, प्लंबर, वेल्डर अशी वर्दळ सुरू झाली. बाकं गेली, पलंग आला. पाण्याची टाकी आली, दोन शेगड्यांचा ओटा आला, आणि ओट्याला लागूनच, मधे फक्त एक प्लायवूडची भिंत टाकून, पांढराशुभ्र कमोड आला. मावशीच्या जाऊबाई बघायला आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. ‘अहो भावजी, स्वयंपाकाला लागून हे? आणि देव कुठे ठेवणार? आपल्यात असं...’ काकांनी चष्मा पुसायला घेतला. ‘देव ड्रायव्हरच्या पुढे,’ ते म्हणाले. ‘त्यांना रस्ता दिसायला हवा. मागे बघायचं कारण नाही.’

बसला सगळ्यात जास्त वेळ लागला तो पायऱ्यांना. मूळच्या पायऱ्या उंच होत्या. काकांनी बुटक्या, रुंद, घडी होणाऱ्या पायऱ्या करून घेतल्या, दोन्ही बाजूंना कठडा. वेल्डरने चार वेळा केल्या आणि काकांनी चारही वेळा तोडायला लावल्या. दर वेळी मावशीने चढून बघायचं आणि काकांनी तिच्या गुडघ्यांकडे नव्हे, तर तोंडाकडे बघायचं. दात आवळले गेले की पायरी नापास. पाचव्यांदा मावशी बोलत बोलत चढली. ‘पोहे कुणी लावलेत गॅसवर, वास येतोय करपल्याचा,’ असं म्हणत ती आत पोचलीसुद्धा. काका बाहेर उभे राहून वेल्डरला म्हणाले, ‘पास.’

त्यानंतर पार्किंगमध्ये तालमी सुरू झाल्या. दर रविवारी दोघं बसमध्ये दुपारचं जेवण करत, तिथेच वामकुक्षी घेत. सोसायटीचे सेक्रेटरी खिडकीत वाकून म्हणाले, ‘काका, हे वाहन आहे की वाढीव बांधकाम?’ काका म्हणाले, ‘तुम्ही आत येऊन ठरवा,’ आणि त्यांना पिठलंभात वाढला. सेक्रेटरी पुढच्या रविवारीही विचारपूस करायला आले. पुण्याच्या मुलीने मात्र फोनवर काकांना फैलावर घेतलं. ‘बाबा, जव्हारला आता चांगली रिसॉर्ट्स झालीत. रॅम्प असतो, सगळं असतं. मी बुक करते. या वयात घाटात बस चालवायचं काय खूळ?’ तेव्हा काकांनी आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य स्वतः उच्चारलं. ‘माहेरी जाऊन हॉटेलात उतरायचं? आपल्यात असं करत नाहीत.’ मी समोरच बसलो होतो. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

पण खरा दणका दिला तो जव्हारच्या मामांनी. बेत कळल्यावर त्यांचा फोन आला, आणि तो काकांनी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. ‘भावजी, माझ्या दारात माझी बहीण गाडीत झोपणार? अहो, मी मेलोय का? उद्या पेठेत तोंड कुठं दाखवू? आम्ही उचलून नेऊ तिला, फुलासारखी नेऊ. पण गाडीत राहायचं असेल तर माझ्या दारात येऊ नका. शिरपामाळावर जा, तिथे सहलीची माणसं येतात, त्यांच्यात राहा.’ काका शांतपणे म्हणाले, ‘शालकबुवा, गाडी तुमच्या दारातच लागेल. तुम्ही पोलीस बोलवा.’ मावशी पलंगावर बसली होती. तिने फोन मागितला नाही. नुसती साडीचा पदर बोटाला गुंडाळत राहिली. त्या रात्री ती जेवली नाही असं माझी बायको म्हणाली. मला मामांचा राग आला आणि काकांचा त्याहून जास्त आला. एका म्हातारीला माहेरी न्यायचं तर दोन म्हातारे आपापल्या नाकाची उंची मोजत बसले होते. मी काकांना तसं बोललोसुद्धा. ते म्हणाले, ‘तुम्ही बरोबर चला. गाडी पंक्चर झाली तर चाक बदलायला माणूस लागेल. झोपायला तंबू तुमचा तुम्ही आणा.’

अशी आमची स्वारी निघाली. भिवंडी, वाडा, विक्रमगड अशा रस्त्याने, आणि त्या रस्त्याबद्दल मी काही बोलत नाही, कारण माझी पाठ अजून बोलते आहे. काकांनी बस इतकी सावकाश चालवली की शाळेच्या मुलांनीही तक्रार केली असती. घाट चढून साखरशेतला आलो. भात कापून शेतं मोकळी झाली होती. काकांनी चहासाठी बस कडेला घेतली. पेंढ्याचा भारा डोक्यावर घेतलेला एक म्हातारा थांबला, भारा उतरवून त्याने बसला एक पूर्ण फेरी मारली आणि खिडकीतून पलंग, शेगडी, देव, सगळं पाहून घेतलं.

‘घर सोडून आलाव का घर घेऊन आलाव?’ त्याने विचारलं.

‘घर घेऊन,’ काका म्हणाले.

‘मंग बरा हाय. कोणाकं चाललाव?’

‘हिच्या माहेरी.’

म्हातारा खदखदून हसला. ‘म्हायेरी कोण घर घेऊन जातं? भाऊस भांडला काय?’

‘भांडला,’ मावशी आतून म्हणाली. ठाणं सोडल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली. म्हाताऱ्याने मान हलवली, चहा घेतला, आणि जाताना म्हणाला, ‘जा, जा. भाऊसचा राग दारापत्तोर.’

जव्हारच्या पेठेत बस शिरली तेव्हा दुकानादुकानांतून माणसं बाहेर आली. काकांनी ती बरोबर मामांच्या दुकानासमोर नेऊन लावली आणि हँडब्रेक असा ओढला की पेठभर ऐकू गेला. मामा गल्ल्यामागे हाताची घडी घालून उभे होते. पुढे आले नाहीत. मागे मामी आणि सुना उभ्या, त्यांनाही पुढे यायची सोय नव्हती. आख्खी पेठ बघत होती. काका उतरले, पायऱ्या उलगडल्या आणि बाजूला झाले. मी हात द्यायला पुढे गेलो, तर त्यांनी मला कोपराने मागे सारलं.

मावशी दारात आली. कठडा धरला, एकेक पायरी उतरली आणि जव्हारच्या मातीत स्वतःच्या पायांवर उभी राहिली. मामांच्या तोंडाकडे मी बघत होतो. हाताची घडी सुटली होती, पण पाय जागचे हलत नव्हते. एकदा शब्द तोंडातून गेला की दुकानदाराला तो परत घेता येत नाही, आणि पेठ बघत असताना तर नाहीच. एक म्हातारा बहिणीसमोर उभा राहून स्वतःच्याच बोलण्यात अडकला होता, आणि काका चष्मा पुसत होते. मला वाटलं, आता इथून बस शिरपामाळालाच जाणार.

तेव्हा मावशी म्हणाली, ‘बाळ, मी तुझ्या घरी आलेले नाही. तुझा जिना मला चढवत नाही आणि मी कुणाला उचलू द्यायची नाही. हे माझं घर आहे. तू कधी आलास का रे ठाण्याला माझ्या घरी? दुकान सुटत नाही म्हणतोस. म्हणून घरच घेऊन आले. चहा टाकते. येतोस?’

मामा वळले आणि दुकानात आत गेले. मामींनी पदर तोंडाला लावला. मी काकांकडे पाहिलं. त्यांचा चष्मा हातातच होता. आतून डबे उघडल्याचे, कागद फाडल्याचे आवाज आले, आणि मामा बाहेर आले ते दोन्ही हात भरून. नारळ, साखरेचा पुडा, काजूची पिशवी, आणि काखेत कुठून काढली कोण जाणे, एक कोरी साडी. ‘बहिणीच्या घरी पहिल्यांदा जायचं,’ ते सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘रिकाम्या हातानं कसा जाऊ?’ आणि त्या बुटक्या पायऱ्या चढून आत गेले. पायऱ्या त्यांनाही सोप्या गेल्या. गुडघे त्यांचेही राहिलेले नव्हते, ते इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच.

पुढचे दोन दिवस काकांच्या घराचं काय झालं ते मी सविस्तर सांगत नाही. मामी आल्या, सुना आल्या, शेजारणी ओटी भरायला आल्या, आणि ज्यांना मावशी शाळेत असतानाची आठवत होती अशा म्हाताऱ्या काठी टेकत आल्या. प्रत्येकीने कमोड पाहिला, निम्म्याजणींनी नाक मुरडलं, आणि एकीने आपल्या मुलाला तिथल्या तिथे हाक मारून ‘हे असं आपल्याकडे बसव’ म्हणून फर्मान काढलं. मामांनी दुकान बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते सामानासकट बसमध्येच येऊन बसले, कारण काकांना पुढे मोखाड्याकडे, सूर्यमाळला जाऊन एक मुक्काम तरी निवांत करायचा होता, आणि ‘बहीण जिथे, तिथे मी’ असं आता मामांचं धोरण होतं. मामींनीही मग स्वयंपाकाचं सामान घेतलं.

सूर्यमाळला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं आणि माळावर थंडी सुरू झाली होती. काकांनी आपल्या सहलीसाठी मुद्दाम घेतलेली घडीची खुर्ची बाहेर टाकली. मी माझा तंबू ठोकत होतो. बसच्या खिडक्या बंद होत्या, पण आतलं बोलणं बाहेर ऐकू येत होतं. मावशी आणि मामा कुठल्या तरी जुन्या गोष्टीवरून भांडत होते, कुणी कुणाचा आवळा खाल्ला होता यावरून. मावशीचं बोलणं मला ओळखू येईना. आवाज चढा, मधेच जव्हारकडचा हेल, आणि इतकं हसणं की मधेच तिला ठसका लागला.

काका गळ्यापर्यंत मफलर गुंडाळून बसले होते. नाक लाल झालं होतं. मी म्हटलं, ‘काका, तुमचीच बस आहे. आत जाऊन बसा, इथे गारठाल.’

‘ठाण्यात ती अशी बोलत नाही,’ काका म्हणाले. ‘विचारलं तेवढंच बोलते. लग्न झाल्यापासून मी समजत होतो, स्वभावच तसा आहे.’

आत पुन्हा हसणं फुटलं. मी म्हटलं, ‘मग आत जाऊन ऐका ना.’

त्यांनी मान हलवली. ‘मी आत गेलो की ती माझ्यासाठी चहा करायला उठेल. बसू दे तिला.’

मी तंबूतली चादर आणून त्यांच्या पायांवर घातली आणि शेजारी जमिनीवर बसलो.