तिसरेभाऊंचं मतदान

तिसरेभाऊ दोघांत कधी चहा प्यायचे नाहीत. टपरीवर आपण दोघंच असलो, तर रस्त्याने चाललेल्या एखाद्या हमालाला हात करून बोलवायचे आणि मगच कप उचलायचे. "दोघं असले का भांडण जुपते," म्हणायचे, "तिसरा पाहिजेच." घरात ते थोरले, तरी आमच्या वाडी भागातल्या ऑफिसात त्यांना हेच नाव पडलं.

ऑफिस म्हणजे एका ट्रान्सपोर्टवाल्यांचं गोदाम, आणि भाऊ तिथले कॉम्प्युटरवाले. गिऱ्हाइकाचं नाव टाकलं की त्याचा कापडाचा गठ्ठा कुठे पडलाय ते झटकन सापडावं, म्हणून त्यांनी तीन मशिनी एकमेकींना जोडल्या होत्या. एक वाडीत, एक गांधीबागच्या बुकिंग ऑफिसात आणि एक मालकांच्या मनीषनगरच्या घरी. त्याच नोंदी तिघींकडेही असायच्या. एक बंद पडली तर उरलेल्या दोघी मतदान करून आपल्यातली मुख्य ठरवायच्या आणि काम चालू राहायचं; एकट्या पडलेल्या मशिनीला मात्र आपलं आपण मुख्य होता येत नसे. मी तिथे नवीच लागले होते. तीनच कशाला, असं एकदा विचारलं.

"घरी मी आन् बायको दोघंच होतो तं रोज कटकट," भाऊ म्हणाले. "सासूले आणून ठेवलं. आता पाच मिनिटांत निकाल लागते. माझ्या विरुद्ध लागते, पण लागते."

माणूस महाखोडकर. मालक कोणा पाहुण्याला घेऊन आले की गप्पा मारता मारता हे एका मशिनीचा प्लग उपटायचे. मालकांचा चेहरा पांढराफटक! मग सावकाश पाहुण्याचंच नाव टाकून त्याचा गठ्ठा शोधून दाखवायचे, आणि वर पाहुण्याला चहाही मालकांनाच सांगायला लावायचे.

एका उन्हाळ्यात भाऊ मेहुण्याच्या लग्नाला उमरेडला गेले आणि इकडे मी माती खाल्ली. मनीषनगरला मालकांना कूलरसाठी प्लग कमी पडत होता. ती मशीन काढून टाक, दोन पुष्कळ झाल्या, असं ते म्हणाले, आणि मी काढली. वर शहाणपणा असा, की उरलेल्या दोघींना सांगून ठेवलं, दुसरी दिसली नाही तर खुशाल स्वतःच मुख्य व्हा. दुसऱ्याच दिवशी रस्ता खोदताना मधली केबल तुटली. वाडीला वाटलं गांधीबाग मेली, गांधीबागला वाटलं वाडी मेली. दोघीही मुख्य होऊन बसल्या आणि आपापल्या नोंदी घेत सुटल्या. केबल जोडली तेव्हा वाडीच्या नोंदी खऱ्या धरल्या गेल्या आणि गांधीबागच्या दिवसभराच्या पुसल्या गेल्या. ऐन लग्नसराईत साड्यांचे गठ्ठे सापडेनात. बुकिंगला बसणाऱ्या काकू दोन दिवस व्यापाऱ्यांच्या शिव्या खात गोदामभर हाताने गठ्ठे उचकत होत्या.

मालकांनी मला काढायचं ठरवलं. कूलरचा विषय अर्थातच निघाला नाही. माझे बाबा अंथरुणाला खिळलेले, घर माझ्या एकटीच्या पगारावर चालायचं. भाऊ परत आले, सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाले, मालक, मतदान घेऊ. मालक म्हणाले, काढा. भाऊ म्हणाले, ठेवा. माझी पाळी आली तर मला रडूच फुटलं. चूक माझीच आहे, मी जाते, असं बोलून बसले.

"जिचा दम घुटून राहिला तिचं मत धरत नसते," भाऊ शांतपणे म्हणाले. "हे बाद. राहिलो आपण दोघं. आता काकूलेच विचारा न."

मालक एकदम खूश. माझ्यावर काकूंइतकं कोणीच भडकलेलं नव्हतं. त्यांनी लगेच फोन स्पीकरवर लावला.

"ठेवा पोरीले," काकू म्हणाल्या. "नवीन येईन तो नवी चूक करीन. हिची तं करून झाली."

मालकांनी फोन ठेवला. मी राहिले. आज तिथे तिनाच्या पाच मशिनी झाल्यात, त्या पाचही मीच सांभाळते.

मागच्या हिवाळ्यात भाऊ गेले. अजून खरं वाटत नाही, फार आठवण येते. तेरवीला काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या दिवशीच्या मताबद्दल इतक्या वर्षांनी मी त्यांचे आभार मानले, तर त्या डोळे पुसता पुसता हसायला लागल्या.

"मी कायची ठेवते वं तुले? मी तं काढाच म्हणणार होती. सकाळीच त्याचा फोन आला. वाक्य बी त्यानंच शिकवलं, दोनदा म्हणवून घेतलं. मी म्हटलं, भाऊ, हे काय मतदान झालं का? तं म्हणे, निकाल लागला काकू, मतदान दुपारी आहे."